दिव्यांग मुलांच्या सोयी : आपण बायांनी कशा तपासायच्या?

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलते आहे. आज वही-पेन जवळ घेऊन बसा. शेवटी पाच प्रश्न सांगणार आहे, ते उतरवून घ्यायचे आहेत.

आपण बाया तपासणीच्या कामात तशा पक्क्या. गटाच्या हिशोबात दहा रुपये कमी आले तर ते सापडेपर्यंत मीटिंग उठत नाही. रेशन दुकानात आपण काट्याकडे बघतो. शाळेत पोषण आहाराची खिचडी कच्ची निघाली तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना विचारतो. पण गावात अशीही मुलं आहेत, ज्यांना ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, चालता येत नाही, किंवा ज्यांना समजायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी अंगणवाडीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सोयी ठरवून दिलेल्या आहेत. त्या सोयी मुलापर्यंत पोहोचतात का, हे कोण बघतं?

अधिकारी येतात, रजिस्टर बघतात, सही करतात. शाळेच्या माहितीत ‘रॅम्प आहे’ अशी नोंद असते. पण त्या रॅम्पवरून चाकाची खुर्ची चढते का, हे रजिस्टर सांगत नाही. म्हणून आजचं माझं सांगणं एकच आहे. सोयी तपासायच्या असतील तर एक मूल धरून तपासा. त्याच्या घरापासून निघा आणि ते मूल जिथे जिथे जायला हवं, तिथे तिथे जाऊन बघा.

आपण एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवू. समजा, ती अडीच वर्षांची आहे. मागून हाक मारली तर वळत नाही. घरात म्हणतात, ‘हिचा बाप पण उशिराच बोलायला लागला होता.’ या मुलीच्या मागे मागे आपण जाऊ या.

आधी घरात

पहिली अडचण ही की गावात अशी मुलं नेमकी किती, हे आपल्यालाच माहीत नसतं. दिव्यांग म्हटलं की कुबड्या किंवा काळा चष्मा एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. आता सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार त्यात आहेत. स्वमग्नता आहे, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ते. सेरेब्रल पाल्सी आहे. बोलण्यातला दोष आहे. अध्ययन अक्षमताही आहे. पाचवीतलं मूल व्यवहारात हुशार असतं, दुकानातून सुटे पैसे बरोबर आणतं, पण वाचायला बसलं की अक्षरं उलटसुलट होतात. त्याला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. त्या मुलालाही मदतीचा हक्क असू शकतो.

दुसरी अडचण लाजेची. घरात असं मूल असलं की लोक आईला बोल लावतात. ग्रहणात बाहेर गेली होतीस का, इथपासून सुरुवात होते. मग ती मुलाला बाहेरच काढत नाही. आपल्या गटात एखादी बाई मीटिंगला नेहमी उशिरा येते, हप्ता दुसरीच्या हाती पाठवते. नियमाप्रमाणे तिला दंड लागतो. दंड लावण्याआधी एकदा विचारा, घरी कोणाला सोडून आलीस बाई? कधी कधी एका प्रश्नात गावाच्या यादीत नसलेलं मूल सापडतं.

मात्र एक पथ्य पाळायचं. आईची परवानगी घेतल्याशिवाय मुलाची माहिती लिहायची नाही. फोटो काढायचा नाही. ग्रामसभेत मुलाचं नाव घ्यायचं नाही. ‘आपल्या गावात अशी नऊ मुलं आहेत, त्यातल्या सहा जणांचे दाखले झालेले नाहीत,’ असं आकड्यांतच बोलायचं. मुलाचं नाव चावडीवर गाजलं की आई पुन्हा दार लावून घेते.

पहिलं दार : अंगणवाडी

आता आपल्या अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन अंगणवाडीत जाऊ. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, याची पद्धत केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवून दिली. त्यात मुख्य तीन कामं आहेत. मुलाच्या वाढीत काही मागे पडतंय का ते लवकर ओळखणं, मुलाला अंगणवाडीत सामावून घेऊन घरच्यांना आधार देणं, आणि आशाताई व आरोग्य पथकाच्या मदतीने पुढे तपासणीला पाठवणं.

म्हणजे ‘हे मूल सांभाळायला अवघड आहे, घरीच ठेवा, खाऊ घरपोच देऊ’ असं म्हणून चालत नाही. खाऊ पोहोचला हे चांगलंच, पण इतर मुलांत बसणं, गाणी, खेळ हेही त्या मुलीचंच आहे. इथे आपण बघायचं ते एवढंच. मुलगी रोज अंगणवाडीत येते का? आली तर कुठे बसते, कोपऱ्यात की गोलात? सेविकाताईंनी तिची नोंद केली आहे का आणि पुढे कोणाला कळवलं?

हे विचारताना आवाज चढवायचा नाही. सेविकाताई आपल्याच गावच्या, बऱ्याचदा आपल्याच गटातल्या असतात. त्यांच्या डोक्यावर रजिस्टरांचा, मोबाईलमधल्या नोंदींचा, वजन-उंचीचा भार असतो. ‘ताई, या मुलीसाठी तुम्हाला काय लागेल?’ असं विचारलं तर त्या स्वतःच सांगतात की कागद कुठे अडला आहे.

दुसरं दार : आरोग्य पथक

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. जन्मजात दोष, आजार, पोषणातली कमतरता आणि वाढीतला उशीर, अशा चार गोष्टी त्यात बघतात. या कार्यक्रमाचं पथक गाडीने गावात येतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा त्यांनी यायला हवं.

पथक येऊन गेलं, एवढ्यावर आपली तपासणी संपत नाही. ते आलं त्या दिवशी आपली मुलगी अंगणवाडीत होती का? जी मुलं रोज येत नाहीत, तीच नेमकी तपासणीतून सुटतात. म्हणून पथकाची तारीख सेविकाताईंकडून आधी विचारून ठेवा, आणि त्या दिवशी गटातल्या दोघी-तिघींनी घरोघर जाऊन अशा मुलांना अंगणवाडीत न्या. कोणाकडे दुचाकी असेल, कोणाकडे कडेवर घ्यायची ताकद असेल. या कामाला एका दिवसाहून जास्त वेळ लागत नाही.

पथकाने चिठ्ठी दिली की पुढचा टप्पा जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात. कानाची तपासणी, फिजिओथेरपी, बोलण्याचे व्यायाम अशा गोष्टींसाठी मुलांना तिथे पाठवतात. आणि इथेच बहुतेक मुलांची वाट तुटते. चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत पडून राहते. जिल्ह्याला जायचं म्हणजे दोन माणसांचं एसटीभाडं, एक रोजगार बुडणार, आणि तिथे गेल्यावर कोणत्या खोलीत जायचं ते कळत नाही.

या मुलीच्या बाबतीत उशीर फार महाग पडतो. मूल बोलायला शिकतं ते ऐकून. पहिली चार-पाच वर्षं त्यासाठी सगळ्यात मोलाची असतात. वेळेवर श्रवणयंत्र मिळालं, थेरपी सुरू झाली, किंवा खुणांची भाषा घरात आली, तर ती मुलगी इतरांसारखी शिकू शकते. कानाच्या आत बसवायच्या यंत्राला, म्हणजे कॉक्लियर इम्प्लांटला, सरकारी मदत आहे, पण त्याला लहान वयाची अट आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं दोनदा म्हटलं की ती संधी हातची जाऊ शकते. म्हणून चिठ्ठीवरची तारीख बघा आणि आज किती महिने झाले ते मोजा. गटाच्या अंतर्गत कर्जातून प्रवासखर्चाची सोय करता येते. सोबतीला लिहिता-वाचता येणारी एक बाई पाठवता येते. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

तिसरं दार : शाळा

आता आपली मुलगी सहा वर्षांची झाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश मिळायलाच हवा. दिव्यांगत्वाचा दाखला अजून झाला नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा जवळची हवी की विशेष शाळा, हे पालकांनी ठरवायचं. ज्या मुलांचं दिव्यांगत्व तीव्र आहे, त्यांना घरी शिकण्याचा पर्यायही आहे. पण तो मुलाच्या गरजेसाठी आहे. शाळेला त्रास नको म्हणून कोणी ‘घरीच शिकवू’ म्हणत असेल, तर तिथे प्रश्न विचारायचा.

शाळेत काय बघायचं? रॅम्पपासून सुरुवात करा. उताराचा नियम सोपा आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. शाळेचा जोता दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. टेप नसेल तरी काळजी नाही. आपली सहावारी साडी अठरा फुटांचीच असते. साडी अंथरून बघा. रॅम्प निम्म्या साडीत संपला, तर त्यावरून एकट्या मुलाला खुर्ची चढवता येणार नाही, आणि उतरताना ती सुटेल.

मग शौचालय बघा. दारातून खुर्ची आत जाते का? धरायला दांडी आहे का? आतून कडी लागते का? पाणी हाताशी आहे का? मुलींसाठी हे फार महत्त्वाचं आहे. पाळी सुरू झाली की चालता न येणाऱ्या किंवा समज कमी असलेल्या मुलीची शाळा पुष्कळ घरांत बंद होते. कारण कोणी तोंडाने सांगत नाही. सहावी-सातवीनंतर अशा मुली पटावर आहेत पण वर्गात नाहीत असं दिसलं, तर आधी शौचालयाकडे जा आणि मग आईशी बोला.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. समग्र शिक्षा अभियानातून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात. ते शाळांना भेट देतात आणि घरी शिकणाऱ्या मुलांकडेही जातात. ते शेवटचे कधी आले होते, हे आईला विचारा. नुसतं ‘येतात की’ असं उत्तर घेऊ नका. पेरणीच्या आधी की नंतर, गणपतीच्या आधी की नंतर, असं विचारलं की आईला महिना बरोबर आठवतो. नंतर शाळेच्या भेटवहीशी ते ताडून बघा.

चौथी गोष्ट पैशांची. या अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलींसाठी महिना २०० रुपये, वर्षातले १० महिने, असा प्रोत्साहन भत्ता आहे. तो थेट बँक खात्यात जमा होतो. शिवाय गरजेप्रमाणे प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तकं, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची अशी मदत असते. खातं मुलीच्या नावाचं आहे का, आधारला जोडलंय का, पैसे जमा झाले का, हे आपली बँक सखी पाच मिनिटांत बघून सांगेल. दहावीच्या मुलांसाठी लेखनिक आणि परीक्षेत जादा वेळ अशा सवलती आहेत. त्यासाठी शाळेकडून अर्ज आधीच जावा लागतो. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून उपयोग होत नाही.

चौथं दार : दाखला आणि ग्रामपंचायत

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, ज्याला वैश्विक ओळखपत्र म्हणतात, त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. अर्ज भरलाय, पण तपासणीची तारीखच मिळालेली नाही, असं किती मुलांचं आहे ते मोजा. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपून गेलेली असते आणि सवलत बंद पडल्यावरच घरच्यांना ते कळतं. म्हणून मुदतीची तारीख वहीत लाल पेनाने लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मागच्या वर्षी ती रक्कम किती होती आणि कशावर खर्च झाली, हे ग्रामसेवकांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. काही ठिकाणी ती थोडी थोडी सगळ्यांना वाटून टाकतात. वाटायला हरकत नाही, पण त्यातून एखाद्या मुलाची खुर्ची, एखाद्या शौचालयाची दांडी झाली असती का, हा विचार गावाने करायला हवा.

आपल्याला तपासायचा अधिकार आहे का?

हा प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारणारच. उत्तर पाठ करून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यात त्यांच्या प्रमाणात जागा असते, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुलंही या वंचित घटकात येतात. म्हणजे आपल्या मुलीच्या आईला त्या समितीत बसण्याचा हक्क आहे. ती बसली तर तपासणी दर महिन्याला आपोआप होईल.

समितीचं सदस्यत्व नसेल तर महिला ग्रामसभा आहे. ती मुख्य ग्रामसभेच्या आधी भरते. तिथे झालेला ठराव मुख्य ग्रामसभेत मांडायला लावा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आणि कोणीच माहिती देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

तक्रार करायची झाली तर पायरी चुकवू नका. अंगणवाडीचं असेल तर पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी. आरोग्याचं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी. शाळेचं असेल तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. तरीही काही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची, त्यावर शिक्का आणि तारीख बघायची. मुलाला मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील, किंवा त्याला धोका असेल, तर पायऱ्या चढत बसू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत नंबर लगेच फिरवा.

आता पाच प्रश्न लिहून घ्या

प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान करा. वर नाव लिहू नका, आकडा टाका. नाव कोणतं ते आईला आणि वही सांभाळणाऱ्या दोघींना ठाऊक असलं की पुरे.

१. मुलाची अडचण पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली आणि कधी?

२. तपासणीची चिठ्ठी मिळाली का? मिळाल्यापासून किती महिने झाले आणि मूल तिथे पोहोचलं का?

३. मागच्या महिन्यात मूल अंगणवाडीत किंवा शाळेत किती दिवस गेलं? गेलं नाही त्या दिवशी कारण काय होतं?

४. जी मदत मंजूर झाली, ती हातात आली का आणि आज वापरात आहे का?

५. आईला विचारायचं : आणखी एकच गोष्ट मिळाली तर काय मिळावं असं वाटतं?

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं सांगते. श्रवणयंत्र मिळालंय, पण त्याचा सेल संपून सहा महिने झालेत. खुर्ची मिळालीय, पण ती मोठ्या माणसाच्या मापाची आहे म्हणून त्यात दाणे वाळत घातलेत. कागदावर दोन्ही मुलांना लाभ मिळाला आहे. आपल्या वहीत मात्र तिथे ‘वापरात नाही’ असं लिहायचं. पाचवा प्रश्न आठवणीने विचारा. आपल्याला वाटतं रॅम्प हवा, आणि आई म्हणते, ‘शेतात जाते तेव्हा दोन तास कोणी याच्याजवळ बसलं तरी पुरे.’ सरकारी फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. पण तेवढं आपला गट करू शकतो.

दर तीन महिन्यांनी ही पानं पुन्हा उघडा. काय हललं, काय नाही ते बघा. सगळ्या गावाची एकदम तपासणी करायला जाऊ नका. या महिन्यात प्रत्येक गटाने एकच मूल घ्यायचं आणि त्याच्यासोबत चारही दारं फिरून यायचं. एका मुलासाठी कोणतं दार कुठे अडतं ते कळलं की दुसऱ्या मुलासाठी तेच दार लवकर उघडतं.

तुमच्या वहीत काय सापडलं ते ग्रामसंघाच्या बैठकीत नक्की मांडा.